गाडीखाली पाणी पडतंय, एसीचं आहे की गळती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की हे प्रश्न सुरू होतात आणि जून-जुलैत तर रोजचेच. सोबत ओल्या फरशीचा फोटो असतो ज्यात काहीच कळत नाही, किंवा "वॉचमन म्हणाला रेडिएटर गेलाय" असा निरोप असतो. म्हणून सगळं एका जागी टाकतोय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. घाई असेल तर प्रश्न ४ आणि ५ वाचा, पाणी गाडीच्या आत येत असेल तर सरळ प्रश्न ९ वर जा.

१. एसी लावला की गाडीखाली पाणी पडतं. हे नॉर्मल आहे का?

हो, एकदम नॉर्मल. डॅशबोर्डच्या मागे एसीची कूलिंग कॉइल असते, ती चालू असताना जेमतेम दोन-पाच अंशांवर असते आणि ब्लोअर तिच्यावरून गरम दमट हवा ढकलत असतो, मग फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम सुटतो तसं त्या कॉइलवर पाणी जमतं. ते खालच्या ट्रेमध्ये गोळा होतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली जातं. म्हणजे हे पाणी गाडीतलं नाहीच, हवेतलं आहे. त्यामुळे ते "संपत" नाही आणि कुठे भरावंही लागत नाही (हाही प्रश्न येतो, खरंच).

एक घोळ इथेच मिटवतो. पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात जो कंडेन्सर असतो त्यातून पाणी पडत नाही, तो तर चालू एसीत गरम असतो. पाणी पडतं ते आतल्या कॉइलचं.

२. ते नेमकं कुठे पडायला हवं? माझ्या गाडीत मधोमध पडतं.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलेल्याचे पाय जिथे असतात त्याच्या थोडं पुढे, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या आसपास किंवा तिथून मध्यापर्यंत कुठेतरी. काही मॉडेलमध्ये नळी मध्येच काढलेली असते, त्यामुळे मधोमध पडणं हाही बिघाड नाही. गाडी उतारावर लावली असेल तर पाणी खालच्या पत्र्यावरून किंवा प्लास्टिकच्या कव्हरवरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं, म्हणून जागा बघायची तर सपाटीवर बघा.

माझं म्हणणं, गाडी ठणठणीत असतानाच एकदा एसी लावून वीस मिनिटं उभी करा आणि थेंब कुठे पडतो ते बघून ठेवा. पुढे कधी शंका आली तर "नेहमीची जागा की नवी" एवढ्यावरच अर्धा निकाल लागतो.

३. किती पाणी पडणं ठीक? आमच्याकडे तर डबकं होतं.

हे गाडीपेक्षा हवेवर जास्त ठरतं. मुंबईत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर तेच जेमतेम ९ ग्रॅम. आणि ५ अंशांवरच्या हवेत ७ ग्रॅमच्या आसपासच मावतं, बाकीचं कॉइलवर सुटतं. आता हिशेब तुम्हीच करा, मुंबईच्या हवेतून नागपूरच्या कितीतरी पट पाणी निघणार.

त्यामुळे कोकणात, गोव्यात, पावसाळ्यात पुण्यात तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी पडलं तरी घाबरायचं कारण नाही, आणि विदर्भातल्या माणसाने कोकणात गाडी आणून "इथे आल्यापासून गळायला लागली" म्हणणं तर ठरलेलंच. बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू असेल तर पाणी वाढतं. आतलीच हवा फिरवत ठेवली तर थोड्या वेळाने कमी होतं कारण आतली हवा कोरडी होत जाते.

४. पाणीच आहे की दुसरं काही, घरी कसं ओळखायचं?

जुना पुठ्ठ्याचा खोका फोडा, आतली स्वच्छ बाजू वर करून थेंबाखाली सरकवा. पंधरा-वीस मिनिटांनी काढून नुसता उन्हात ठेवा. एसीचं पाणी असेल तर पुठ्ठा ओला होईल, फुगेल, आणि वाळला की फार तर धुळीची कड राहील. तेल असेल तर वाळतच नाही, पारदर्शक डाग पसरत जातो. कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये फिरणारा रंगीत द्रव) असेल तर वाळल्यावरही रंग आणि चिकटपणा राहतो.

पुठ्ठा नसेल तर पांढरा टिश्यू. थेंब टिश्यूवर घ्या, बघा, वास घ्या, मग दोन बोटांत चोळा. पाणी बोटांत खरखरीत लागतं आणि लगेच उडून जातं, बाकी सगळे द्रव कमी-जास्त बुळबुळीत लागतात. चव मात्र घेऊन बघायची नाही, जुने लोक सांगतात "जिभेला लावून बघ", अजिबात नको, कूलंट विषारी असतं (प्रश्न २१ बघा). चोळल्यावर हात साबणाने धुवा.

पाणी काळपट दिसलं म्हणून दचकू नका. गाडीखालची सगळी धूळ, ग्रीस, रस्त्याचा चिखल त्यातून वाहून येतो. रंग ठरवायचा तो थेंब वरून पडताना, फरशीवर पडून पसरल्यावर नाही.

आणि सगळ्यात साधी परीक्षा तर विसरलोच. रात्रभर गाडी उभी राहू द्या, सकाळी एसी न लावता (काच साफ करणारा डिफॉग मोडही नको, का ते प्रश्न १३ मध्ये) थोडी फिरवून आणा आणि कोरड्या फरशीवर उभी करा. खाली काही पडलं तर ते एसीचं नाही. एवढं करून मग गॅरेजला जा, मेकॅनिकशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

५. रंगावरून काय समजायचं?

हिरवा, गुलाबी, लाल, निळा, नारंगी यातला कोणताही पाण्यासारखा पातळ पण किंचित बुळबुळीत द्रव, वास गोडसर, तर कूलंट. कंपनीगणिक रंग बदलतो, त्यामुळे तुमच्या गाडीचा कोणता ते बोनेट उघडून कूलंटच्या बाटलीतच बघा. जागा बहुतेक वेळा पुढे, रेडिएटरखाली किंवा इंजिनाच्या बाजूला. गरम इंजिनावर पडलेलं कूलंट वाळून जातं आणि खाली काहीच दिसत नाही, तेव्हा होज पाइपच्या जोडांवर पांढरट-गुलाबी खपली शोधा.

मधासारखा ते काळा, जाड, इंजिनाच्या बरोबर खाली, तर इंजिन ऑइल. बहुतेकदा चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) ड्रेन बोल्टचा वायसर किंवा कुठलंतरी सील. लालसर तेल असेल आणि गाडी ऑटोमॅटिक किंवा जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगची असेल तर गिअरबॉक्सचं किंवा स्टीअरिंगचं तेल. निळसर, साबणाचा वास येणारं पाणी म्हणजे वायपरचं.

फिकट पिवळा किंवा जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ, पण हाताला चांगलाच बुळबुळीत, आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलजवळ, तर ब्रेक ऑइल समजा. रंगामुळे लोक याला पाणी समजून सोडून देतात, आणि सगळ्यात धोक्याची चूक ती हीच. बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीची पातळी लगेच बघा. गाडी चालवायची की नाही ते प्रश्न २० मध्ये.

६. मी कूलंट घालतच नाही, रेडिएटरमध्ये साधं पाणी आहे. मग कसं ओळखणार?

मग रंग, वास, चिकटपणा सगळंच बाद, आणि हे गावाकडच्या जुन्या गाड्यांत सर्रास असतं. अशा वेळी पातळीवर जायचं. सकाळी इंजिन थंड असताना बाटलीवर स्केच पेनने पातळीची रेघ मारा, गाडी नेहमीसारखी वापरा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थंड असताना बघा. एसीचं पाणी कितीही पडलं तरी ही रेघ हलत नाही. हलली तर गळती इंजिनाकडची. सोबत प्रश्न ४ मधली एसी बंद ठेवून करायची परीक्षा करा.

गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, तोंडावर येतं. आणि एकदा गॅरेजला जाऊन कूलंट भरून घ्याच. साध्या पाण्याने आत गंज आणि क्षार धरतात आणि मग जी गळती सुरू होते ती ओळखायला पुन्हा हाच प्रश्न.

७. एसी मस्त चालतो पण खाली एक थेंब पडत नाही. काही बिघाड?

कोरड्या हवेत नाही (प्रश्न ३). जळगाव, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात असं होणारच, शिवाय गाडी चालू असताना पाणी रस्त्यावर पडून जातं, ते आपल्याला दिसत नाही.

पण हवा दमट आहे, एसी अर्धा तास चाललाय, गार हवा येतेय आणि तरी उभ्या गाडीखाली कोरडं, तर ड्रेनची नळी (प्रश्न १ मधली रबरी नळी) चोक असण्याची शक्यता खूप. पाणी तयार होतंय पण बाहेर जात नाहीये, म्हणजे आत साठतंय. लगेच शेजारच्या सीटपुढचं मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघा, आणि प्रश्न ९. एसी गारच करत नसेल आणि पाणीही नसेल तर तो गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा विषय, प्रश्न ११ आणि १२.

८. गाडी बंद करून पार्क केली तरी टपकत राहतं, का?

ट्रेमध्ये आणि कॉइलच्या पापुद्र्यांत अडकलेलं पाणी सावकाश निथळतं. दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. तासाभरानंतरही त्याच वेगाने चालू असेल तर मग पुठ्ठा लावा.

जाता जाता, मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर कॉइल बरीच सुकते, कुबट वासही कमी होतो.

९. पाणी खाली न पडता शेजारच्या सीटच्या पायाशी येतंय, मॅट भिजलंय.

गाडीखालचं पाणी ठीक, गाडीतलं पाणी बिघाड. इतकं सरळ. नव्वद टक्के वेळा ड्रेनची नळी चोक झालेली असते, धूळ, पानांचा भुसा, बुरशीचा चिकट थर, कधी किड्याने केलेलं मातीचं घर. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर डॅशबोर्डमधून खळखळ आवाज येणं आणि मग पायावर गार पाणी सांडणं, ही त्याचीच खूण. दुसरं कारण, नुकतंच डॅशबोर्ड किंवा ब्लोअरचं काम झालंय आणि नळी नीट बसवायची राहिली. तिसरं, उंदरांनी नळी कुरतडली, पार्किंगमध्ये ज्यांना वायरींचा अनुभव आलाय त्यांना सांगायला नको.

काम छोटं आहे. गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेऊन खालून नळीत हलक्या दाबाने हवा मारतात, आधी चहाच्या रंगाचं घाण पाणी भसकन येतं आणि मग धार लागते, त्या पोराला बाजूला उभं राहायला सांगा नाहीतर अंघोळ होते. घरी करायचं तर नळीचं टोक बोटाने हळू दाबून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच बोळा सुटतो. ताठ तार आत खुपसू नका, नळी निसटते किंवा आत काहीतरी फाटतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच.

आता महत्त्वाचं, जे बरेच लोक करत नाहीत. नळी साफ झाली म्हणजे संपलं नाही. कार्पेटच्या खाली जाड फोम असतो तो पाणी पिऊन बसतो, वरून हात लावला तर कोरडं वाटतं आणि खाली महिनाभर ओल असते. मॅट काढा, कार्पेट जमेल तेवढं उचला, मध्ये काहीतरी खोचून उंच ठेवा आणि दारं उघडी टाकून उन्हात वाळवा. काही गाड्यांत त्याच भागात वायरींचे जोड आणि कंट्रोल युनिट असतात, तिथे ओल राहिली की पत्र्याला गंज आणि मग डॅशबोर्डवर भलतेच दिवे. नळीचं काम पाच मिनिटांचं, हे दुखणं मात्र महागात जातं.

१०. पावसाळ्यातच मॅट ओलं होतं. एसीचं की पावसाचं?

एसी पूर्ण बंद ठेवून गाडी पावसात रात्रभर उभी करा. सकाळी ओलं असेल तर पाऊस. पुढच्या काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते तिथे झाडाची पानं साचून पाण्याची वाट बंद होते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं, झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचं हे नेहमीचं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या बारीक नळ्या, दाराच्या आतलं प्लास्टिक फाटणं, काच बदलताना सील नीट न लागणं, ही पुढची कारणं. पाऊस नसताना, एसी लावल्यावर ओलं होत असेल तर प्रश्न ९.

मॅट ओलं, आत गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं जे पुसलं तरी पसरतंच, असं तिन्ही जमलं तर पाऊसही नाही आणि एसीही नाही, हीटरची कॉइल गळतेय. तिच्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं. उन्हाळाभर हीटर लावला नाही तरी ती गळू शकते. कूलंटची पातळी बघा.

११. खाली पडतोय तो एसीचा गॅस तर नाही ना?

नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो, त्याचा उत्कलनबिंदू उणे २६ अंश आहे. बाहेर आला की तत्क्षणी उडून जातो, त्याचं डबकं होणं शक्यच नाही. "गॅस लिक्विड होऊन गळतोय, कॉइल बदलावी लागेल" असं कोणी ओल्या फरशीकडे बोट दाखवून सांगितलं तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

गॅससोबत कॉम्प्रेसरचं थोडं तेल फिरत असतं ते मात्र मागे राहतं. म्हणून गॅसच्या गळतीची खूण म्हणजे पाणी नाही, तर पाइपच्या जोडावर किंवा कंडेन्सरवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ.

एक अपवाद आहे आणि तो फसवा आहे. आतली कूलिंग कॉइलच फुटली असेल तर हे तेल एसीच्या पाण्यातूनच बाहेर येतं, मग नेहमीच्या जागी पडणारं पाणी तेलकट लागतं. आधी कोणी गळती शोधायला रंग घातला असेल तर तेच पाणी पिवळट हिरवं दिसतं आणि लोक कूलंट समजून रेडिएटर उतरवतात. जागा एसीच्या नळीची, रंग हिरवट, कूलंटची पातळी जशीच्या तशी, एसी गार करत नाही, असं असेल तर कॉइल तपासा.

१२. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. पाणी जास्त पडतं म्हणून गॅस कमी होतो का?

दोन्हीचा संबंध नाही. पाणी जास्त पडणं हे उलट एसी नीट काम करतोय याचं लक्षण. गॅस बंद चक्रात फिरतो, वर्षाकाठी अगदी किंचित कमी होतो, पण दर वर्षी भरावा लागतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे आणि तुम्ही दर वर्षी तो गॅस हवेत सोडताय. भरण्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन किंवा डिटेक्टरने गळती शोधायला सांगा. किती गॅस लागतो ते बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, छोट्या गाडीत साधारण अर्ध्या किलोच्या आसपास, आणि तो वजनावर भरायचा असतो, "हाताला पाइप गार लागला, झालं" अशा अंदाजाने नाही. किनाऱ्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने कंडेन्सर लवकर कुजतो, हायवेवर पळणाऱ्या गाड्यांत खडी लागून फुटतो, आधी तिथेच बघा.

१३. थंडीत एसी लावलाच नाही, तरी पाणी पडलं.

पुढच्या काचेवरचं धुकं काढायचा मोड लावला होता का? बऱ्याच गाड्यांत तो लावला की एसीचा कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो, काहींत तर एसीचा दिवाही लागत नाही. ऑटो क्लायमेट असलेल्या गाड्यांतही असंच. हे काहीच नसेल तर मात्र पुठ्ठा.

१४. बोनेट उघडलं तर एक पाइप पूर्ण ओला आहे आणि त्यावरून पाणी टपकतंय.

एसीच्या दोन पाइपांतला जाड आणि गार तो असेल तर ठीक आहे, कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परत जाणारा गार गॅस त्यात असतो म्हणून तोही घामेजतो. पावसाळ्यात चांगलाच भिजतो. पाइप गरम असेल आणि ओला असेल तर तो कूलंटचा, प्रश्न ५.

१५. सायलेन्सरमधून पाणी पडतं, विशेषतः सकाळी.

याचा एसीशी काही संबंध नाही पण विचारतात सगळेच. इंधन जळलं की वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफेच्या रूपात मागून जातं, सायलेन्सर थंड असला की तिथेच पाणी होऊन टपकतं. सीएनजीत तर एका किलोमागे दोन लिटरच्या वर, म्हणून सीएनजीवाल्यांची तक्रार जास्त. इंजिन गरम झालं की थांबतं. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) बघून घ्या, तिथे चालढकल नको.

१६. एसीच्या जाळीतून धूर येतो, कधी बर्फाचे कण. नंतर खाली एकदम खूप पाणी.

नुसता पांढरा धूर, वास नाही, पावसाळी हवा, तर ते धुकं आहे, सोडून द्या. बर्फाचं तसं नाही. लांबच्या प्रवासात तासाभराने हवेचा जोर कमी-कमी होत जातो, बंद करून पाच मिनिटं थांबलात की पुन्हा जोरात येते आणि खाली धो धो पाणी पडतं, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ जमतोय आणि वितळतोय. आधी एसीचा फिल्टर काढून बघा, कित्येकांना तो असतो हेच माहीत नसतं आणि त्यात पालापाचोळा आणि झुरळं निघतात. तो साफ असेल तर गॅस कमी किंवा कॉइलचा सेन्सर खराब.

१७. सात सीटर आहे, पाणी मागच्या भागात पडतं. कधी छतातूनही.

मागच्यांसाठी वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या गाड्यांत तिची नळीही वेगळी, त्यामुळे गाडीखाली दोन ठिकाणी पाणी पडणं बरोबर आहे. मागे नुसताच पंखा असेल तर तिथे पाणी पडायला नको. छतातून किंवा मागच्या जाळीतून थेंब येत असतील तर मागची नळी चोक, उपाय प्रश्न ९ सारखाच, फक्त पॅनल उघडावं लागत असल्याने मजुरी जास्त.

१८. इलेक्ट्रिक गाडी आहे. तिच्यात कसलं पाणी?

एसी तोच, पाणीही तेच. आधीच गार करायला एसी मोबाइलवरून लावला असेल तर कोणी गाडीजवळ नसतानाही खाली ओलं दिसतं. मात्र इलेक्ट्रिक गाडीत कूलंट नसतं हा गैरसमज काढून टाका, बऱ्याच गाड्यांत बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला असतं. रंगीत, बुळबुळीत काही दिसलं तर स्वतः काही उघडू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच फोन करा. तसंच एसीचं काम कोपऱ्यावरच्या गॅसवाल्याकडे करू नका, यातल्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरचं तेल वेगळं असतं आणि चुकीचं तेल गेलं तर विजेचं इन्सुलेशन बिघडतं.

१९. जुनी गाडी बघायला गेलो, खाली ओलं होतं, मालक म्हणाला एसीचं पाणी आहे.

असेलही. पण मग एसी बंद ठेवून थंड इंजिन सुरू करायला सांगा, जागा बदलून कोरड्या फरशीवर वीस मिनिटं चालू ठेवा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून, खालून धुऊन ठेवलेली असेल तर जरा जास्तच बारकाईने बघा. शेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचला, ओल, गंज, कुबट वास. कूलंटच्या बाटलीत नुकतंच भरलेलं स्वच्छ कूलंट आणि आजूबाजूला जुनी खपली हेही बोलकं असतं.

२०. गळती आहे हे कळलं. गाडी चालवत गॅरेजला नेऊ की टो करू?

ब्रेक ऑइल असेल किंवा पेट्रोलचा वास असेल तर चालवायची नाही, पेट्रोलच्या बाबतीत सुरूसुद्धा करायची नाही. कूलंट बारीक झिरपत असेल आणि पातळी खुणेच्या वर असेल तर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, पण धार लागली असेल तर नाही, आणि घाट तर अजिबात चढायचा नाही. कसाऱ्यात किंवा खंबाटकीत बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये "थोडंच गळत होतं" वाले असतातच. काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, सुरक्षित जागा मिळताच बाजूला. इंजिन ऑइलचे थेंब असतील तर डिपस्टिक बघा, पातळी बरोबर असेल तर जाता येईल, ऑइलचा लाल दिवा लागला की मात्र तिथेच इंजिन बंद.

२१. एसीचं पाणी बॅटरीत किंवा इन्व्हर्टरमध्ये चालतं का? आणि सोसायटीतली कुत्री ते पितात, काही होईल का?

बॅटरीत नको. क्षार नसतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ, बुरशी, धातूचे कण सगळं त्यात उतरतं, आणि डिस्टिल्ड वॉटर काही महाग नाही. झाडांना किंवा फरशी पुसायला खुशाल वापरा. कुत्र्या-मांजरांनी एसीचं पाणी चाटलं तर सहसा काही होत नाही. कूलंट मात्र चवीला गोड असतं म्हणून ती मुद्दाम चाटतात, आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने किडनी निकामी होते, थोडंसं गेलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून रंगीत डबकं दिसलं तर गाडी कोणाची ते नंतर शोधा, आधी त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाका, भरून कचऱ्यात बंद पिशवीत टाका आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. जनावराने चाटलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या.